खेचराला साक्षीला बोलावू नका

घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेले खेचर वांझ असते. यावरून संकर निसर्गाला मान्य नाही हे सिद्ध होते. म्हणून माणसानेही जातीबाहेर सोयरीक करू नये. हा युक्तिवाद आपल्याकडे व्याख्यानांत होतो, लग्न जमवण्याच्या बैठकीत होतो, मोबाइलवरून एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला जातो. ऐकणारा पहिल्या वाक्याला मान डोलावतो, कारण ते शाळेत शिकलेले असते, आणि त्याच ओघात उरलेली दोन वाक्येही पत्करून बसतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे. पहिले वाक्य खरे आहे, दुसरे खोटे आहे आणि तिसऱ्याचा पहिल्याशी काडीचाही संबंध नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून स्वतःच्या मुलीचा जीव घेणारे बाप आणि भाऊ याच महाराष्ट्रात निघाले आहेत. अशा वातावरणात विज्ञानाचे नाव घेऊन जातीची कुंपणे पक्की केली जात असतील, तर जीवशास्त्र शिकलेल्या माणसाने गप्प बसता कामा नये.

आपल्या परंपरेत खंडनाआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो आणि तो दुबळा करून मांडायचा नसतो. तेव्हा तो असा. खेचर घोड्याहून काटक आणि गाढवाहून बलवान, पण त्याला पिलू होत नाही. याक आणि गाय यांच्या संकरातून लडाखकडे झो जन्मतो. तो नांगर ओढतो, ओझी वाहतो, पण त्याच्यापासून गाय गाभण राहत नाही. सिंह आणि वाघीण यांच्यापासून झालेला लायगर आईबापांपेक्षा आकाराने मोठा होतो, पण नर लायगर वांझच. म्हणजे दोन वेगळी कुळे एकत्र आली की निसर्ग एका पिढीपुरती सूट देतो आणि पुढची वाट बंद करतो, असा या पक्षाचा निष्कर्ष.

तिन्ही उदाहरणे खरी आहेत. म्हणूनच निष्कर्ष काढण्याआधी ती वाट नेमकी कुठे आणि कशाने बंद होते हे पाहायला हवे.

घोड्याच्या प्रत्येक पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळतात, एकूण ६३. शरीर वाढते तेव्हा पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्राची फक्त नक्कल व्हावी लागते. त्यासाठी त्याला जोडीदार लागत नाही. म्हणून खेचराचे हाड, स्नायू, खूर, फुफ्फुस यांत काही उणे नसते. हिमालयातल्या चौक्यांपर्यंत दारूगोळा आणि शिधा पोहोचवण्याचे काम भारतीय सैन्याने दशकानुदशके या जनावराकडून करून घेतले, ते याच बळावर.

शुक्राणू किंवा बीजांड घडवताना मात्र वेगळी प्रक्रिया चालते. गुणसूत्रांची संख्या निम्मी करायची असते. त्याआधी आईकडून आलेल्या प्रत्येक गुणसूत्राने वडिलांकडून आलेला आपला जोडीदार शोधून त्याच्याशी टोकापासून टोकापर्यंत जुळावे लागते, काही तुकड्यांची अदलाबदल करावी लागते आणि मगच दोघांनी दोन दिशांना जायचे असते. याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. खेचराच्या पेशीत प्रश्न केवळ एका जादा गुणसूत्राचा नसतो. घोडा आणि गाढव यांची कुळे वेगळी झाल्यापासून गुणसूत्रांचे तुकडे तुटले, जुळले, उलटे फिरले. एका बाजूला जो मजकूर एकाच गुणसूत्रावर सलग आहे, तो दुसऱ्या बाजूला दोन-तीन ठिकाणी विखुरलेला आहे. जुळणी अडते. जुळणी न झालेली पेशी पुढे जाऊ नये म्हणून सस्तन प्राण्यांत तपासणीची यंत्रणा असते; ती अशा पेशींना मारून टाकते. नर खेचरात शुक्राणू अर्ध्या वाटेवरच थांबतात. मादीत बहुतेक बीजांडे फार लवकर नष्ट होतात.

बिघाड एवढाच आणि इथेच. मादी खेचराच्या गर्भाशयात घोड्याचा किंवा गाढवाचा भ्रूण ठेवला, तर ती तो वाढवून शिंगराला जन्म देऊ शकते. हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. २००३ साली अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात क्लोनिंगने खेचर जन्माला आले. आयडाहो जेम हे घोड्याच्या कुळातले जगातले पहिले क्लोन. क्लोनिंगमध्ये अर्धसूत्री विभाजनाची पायरी लागतच नाही, आणि ती पायरी वगळताच खेचरापासून खेचर निर्माण झाले. कोणत्याही शापाचा किंवा दंडाचा पत्ता लागत नाही. लागतो तो पेशीच्या एका टप्प्यावरील अडथळ्याचा.

आता शाळेतल्या उत्तराकडे वळू, कारण गैरसमजाची मुळे तिथे आहेत. ‘६३ ही विषम संख्या आहे, तिचे दोन समान भाग होत नाहीत, म्हणून खेचर वांझ’ असे उत्तर लिहिले की पूर्ण गुण मिळतात. हे उत्तर अर्धवट आहे आणि अर्धवट उत्तरावर मोठे सिद्धान्त उभारले जातात, म्हणून ते दुरुस्त करणे भाग आहे.

मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातल्या शेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रे ६६ असतात. त्याचा आणि पाळीव घोड्याचा संकर झाला की पिलाला ६५ मिळतात. संख्या विषम, तरी ते पिलू मोठे होऊन बिनदिक्कत प्रजा देते. आपल्या मुऱ्हा, पंढरपुरी यांसारख्या म्हशींची गुणसूत्रे ५०. आग्नेय आशियात भातखाचरे नांगरणाऱ्या दलदली म्हशींची ४८. त्यांच्या संकराला ४९ मिळतात आणि तो संकरही गाभण राहतो, वितो. या दोन्ही ठिकाणी एका बाजूची दोन गुणसूत्रे दुसऱ्या बाजूला एकमेकांना जोडली गेलेली आहेत, इतकाच फरक आहे. मजकूर तोच आणि क्रमही जवळजवळ तोच असल्याने एका लांब गुणसूत्रासमोर दोन आखूड गुणसूत्रे येऊन जुळतात आणि काम भागते. माणसांतही साधारण हजारात एकाची दोन गुणसूत्रे अशीच जोडलेली असतात. त्याच्या पेशीत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रे असतात. अशा जोडप्यांत काही वेळा गर्भपाताचा धोका वाढतो, पण त्यांतील बहुतेकांना मुले होतात आणि अनेकांना आपल्यात काही वेगळे आहे हे आयुष्यभर कळतही नाही.

उलट बाजूची उदाहरणे त्याहून बोलकी आहेत. याकची गुणसूत्रे ६० आणि गाईचीही ६०. झोलाही ६०च मिळतात, म्हणजे समसंख्या. तरी नर झो वांझ. सिंहाची ३८, वाघाची ३८, लायगरची ३८. तरी नर लायगर वांझ. युरोपात घरउंदरांच्या दोन उपजाती आहेत, एक पूर्वेकडची, एक पश्चिमेकडची. दोघांचीही गुणसूत्रे ४०, तरी काही संकरांत नर वांझ निघतात. संख्या विषम असून प्रजा होते आणि संख्या सारखी असून होत नाही. मग संख्येला कारण म्हणता येत नाही.

खरे कारण जनुकांच्या आपसातल्या जुळणीत आहे. विल्यम बेटसन यांनी १९०९ मध्ये ते सुचवले होते. थिओडोसियस डॉब्झान्स्की यांनी १९३० च्या दशकात आणि हर्मन मुलर यांनी १९४० च्या सुमारास ते नीट मांडले. दोन भाऊ वेगळे राहू लागले आणि प्रत्येकाने आपापल्या घरी कुलूप व किल्ली कालांतराने जोडीनेच बदलली, तर दोन्ही घरांचे व्यवहार सुरळीत चालतात. एका घराची किल्ली दुसऱ्या घराच्या कुलपाला लावली की मात्र दार उघडत नाही. जनुकांचेही असेच होते. वेगळ्या पडलेल्या दोन समूहांत वेगवेगळे बदल होत जातात. प्रत्येक बदल आपापल्या समूहातल्या उरलेल्या जनुकांशी पटवून घेत टिकलेला असतो. दुसऱ्या समूहातल्या बदलाशी त्याची गाठ कधीच पडलेली नसते. संकरात ती पहिल्यांदा पडते आणि तिथे कधी कधी बिघडते. यात कोणतेही जनुक वाईट नसते, अशुद्धही नसते.

हे नुसते तर्कशास्त्र राहिलेले नाही. उंदरांतल्या नरांच्या वांझपणामागचे एक जनुक २००९ मध्ये प्रागमधल्या संशोधकांनी शोधून काढले. त्याचे नाव पीआरडीएम-९. अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची अदलाबदल कुठे व्हावी, हे ते ठरवते. दोन उपजातींत हे जनुक झपाट्याने आणि वेगवेगळ्या दिशांनी बदलले आहे, त्यामुळे संकरित नरात जुळणीच्या जागाच जमत नाहीत. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी या जनुकाचा एक भाग काढून त्या जागी माणसाच्या जनुकातला तोच भाग बसवला आणि वांझ ठरलेल्या संकरातले नर प्रजोत्पादनक्षम झाले. ज्याला निसर्गाची अभेद्य भिंत म्हणून सांगितले जाते, ती इथे एका जनुकाचा एक तुकडा बदलताच ओलांडली गेली.

आणखी एक वस्तुस्थिती या सगळ्या ‘दंडा’च्या कल्पनेला सुरुंग लावते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले, की संकरात एकाच लिंगाची संतती वांझ असेल किंवा जगत नसेल, तर जवळजवळ नेहमीच ते लिंग दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असलेले असते. सस्तन प्राण्यांत हे नराचे, कारण त्याच्याकडे एक्स आणि वाय. पक्षी आणि फुलपाखरे यांत मात्र हे मादीचे. म्हणून नर झो वांझ, पण त्याची बहीण झोमो वितेही आणि दूधही देते. म्हणून लायगर नर वांझ, पण माद्यांना पिले होतात. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात १९७० च्या दशकात वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातल्या रुद्राणी नावाच्या मादीला सिंहापासून पिले झाली होती. निसर्ग संकराला शिक्षा देत असेल, तर अशा संकरांत सस्तन प्राण्यांमध्ये ती फक्त मुलग्यांना आणि पक्ष्यांमध्ये फक्त मुलींना का देतो? दंडाच्या कल्पनेत याला उत्तर नाही. लिंगगुणसूत्रांच्या जीवशास्त्रात आहे: एकुलत्या एक्सवरचे नीट न जुळणारे जनुक झाकायला दुसरा एक्स नसतो. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा नियम जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्या सार्वजनिक चर्चेत मात्र तो फिरकत नाही.

तेव्हा ‘निसर्गाने कुंपण घातले’ हे म्हणणे टिकत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या ग्रंथात संकरासाठी स्वतंत्र प्रकरण लिहून हेच सांगितले होते, की वांझपणा हा जातींना मुद्दाम बहाल केलेला गुण नसून इतर कारणांनी साचलेल्या फरकांचा आनुषंगिक परिणाम आहे. त्यानंतरच्या संशोधनाने त्यांची बाजू अधिकच पक्की केली. कुंपण असते तर त्यात फटी राहिल्या नसत्या. खुद्द मादी खेचरही क्वचित गाभण राहते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात अशी एक मादी व्याली आणि शास्त्रज्ञांनी मायलेकरांची तपासणी करून ते नाते पक्के केले. एककुबडी आणि दोनकुबडी उंटांच्या संकराला प्रजा होते, लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरालाही होते. गालापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या बेटावर १९८१ मध्ये दुसऱ्या बेटावरून भरकटत आलेल्या एका फिंच नराने स्थानिक जातीच्या मादीशी जोडी जमवली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने त्या वंशाचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. तो वंश खुंटला नाही; उलट आपसांत प्रजनन करत त्याने बेटावर स्वतःचे वेगळे घराणे उभे केले. संकरातून कधी वांझपण येते, कधी दुबळेपण, कधी जोम, तर कधी नवी जात. कोणत्या जोडीत काय घडेल हे ती दोन कुळे किती काळ आणि किती दूर गेली आहेत, यावर मुख्यतः अवलंबून असते.

हाच निकष न लावल्याने गोठ्यातही गोंधळ माजला आहे. ‘संकरित गाय म्हणजे खेचरच, ती निसर्गाविरुद्ध आहे’ असे शेतकऱ्याला ऐकवले जाते. युरोपीय गाय आणि आपली वशिंडाची गाय या दोघींची गुणसूत्रे ६०, आणि त्यांच्या संकरातल्या गाई पिढ्यामागून पिढ्या वीत आल्या आहेत. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने हे काम गावोगाव नेले; राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन आणि जर्सी या तिघींपासून फुले त्रिवेणी तयार केली. संकरित गाईंवर घेण्याजोगे खरे आक्षेप आहेत. उन्हाचा ताप, गोचीडताप, खाद्याचा खर्च आणि खिल्लार, डांगी, देवणी यांच्याकडे झालेले दुर्लक्ष हे सगळे गंभीर आहे. संकरित वळूंपैकी अनेकांचे वीर्य गोठवण्याच्या दर्जाचे नसते, हेही रेतन केंद्रांना माहीत आहे. गाय वारंवार उलटते, माज मुका राहतो, याही तक्रारी खऱ्या; पण त्यांची मुळे बहुतांशी जास्त दुधाच्या ताणात, आहारात आणि माज ओळखण्यातल्या चुकीत असतात. जास्त दूध देणाऱ्या शुद्ध होल्स्टिनमध्येही परदेशांत हीच अडचण आहे. या प्रश्नांवर बोला, धोरण बदला, देशी गाई वाचवा. त्यासाठी खेचराचा खोटा दाखला लागत नाही.

आता तिसऱ्या वाक्याकडे, कारण बाकी सगळा खटाटोप त्याच्यासाठीच केला जातो. घोडा आणि गाढव यांची कुळे सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. पाळीव घोडा आणि शेवाल्स्की घोडा यांच्यातली ताटातूट साधारण ४० ते ७० हजार वर्षांची आहे, आणि तिथे संकर बिनधोक आहे. आधुनिक माणूस आणि निअँडरथल यांची कुळे पाच लाखांहून अधिक वर्षे वेगळी होती, तरी ते भेटले तेव्हा त्यांना मुले झाली आणि त्या मुलांना मुले झाली. आज आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक समाजाच्या जनुकांत निअँडरथलांचा एक ते दोन टक्के वाटा आहे, भारतीयांतही आहे. हे दाखवून देणाऱ्या कामाबद्दल स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. त्या संकरात नरांची प्रजननक्षमता काहीशी घटली असावी, याच्या खुणा एक्स गुणसूत्रावर दिसतात. म्हणजे पाच लाख वर्षांच्या दुराव्याने फक्त एवढी चाहूल लागली. आणि जातीजातींतला दुरावा किती? आजच्या भारतात जातीबंद विवाहाची पद्धत साधारण दोन हजार वर्षांपासून घट्ट झाली. दोन हजार आणि ४० लाख. खेचराची साक्ष या प्रकरणाला लागूच पडत नाही, हे सांगायला एवढे गणित पुरे आहे.

हा युक्तिवाद आपण शोधलेलाही नाही. अमेरिकेत गुलामगिरी जोरात असताना, १८४३ मध्ये, अलाबामातल्या मोबील शहरचे डॉक्टर जोसाया नॉट यांनी गोऱ्या-काळ्यांची संतती म्हणजे संकरित प्राणी आहे, ती दुबळी आणि कमी प्रजननक्षम असते, असे वैद्यकाच्या नियतकालिकात छापले. त्यांच्याच दक्षिणेतले निसर्ग अभ्यासक आणि धर्मोपदेशक जॉन बाकमन यांनी १८५० मध्ये प्राण्यांमधल्या संकरांचे दाखले देत सगळी माणसे एकाच जीवजातीची आहेत असे दाखवले; गोऱ्यांच्या वर्चस्वावर विश्वास असलेल्या माणसालाही पुराव्यापुढे एवढे मान्य करावे लागले. तरीही गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणारे कायदे तिथल्या अनेक राज्यांत राहिले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या सगळ्या काळात ज्यांना कमी प्रजननक्षम म्हटले गेले, त्यांच्या पिढ्या वाढतच होत्या. आधी हुकूम ठरवायचा आणि मग त्यासाठी प्राणिशास्त्रातून साक्षीदार उभा करायचा, ही रीत तेव्हाही हीच होती.

आपल्याकडे तर ‘शुद्ध रक्ता’चा पायाच अस्तित्वात नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग, हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवले, की भारताच्या मुख्य भूमीवरचे जवळजवळ सगळे समाज, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, उच्च म्हणवणाऱ्या जातींपासून आदिवासींपर्यंत, कमीअधिक प्रमाणात त्याच दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले आहेत. ही सरमिसळ सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी होत होती. नंतर ती थांबली. आज जो आपल्या वंशाच्या शुद्धतेचा अभिमान सांगतो, तो स्वतः त्या सरमिसळीचा वंशज आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रयोगशाळेविना ओळखले होते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे सांगितले. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये रक्तशुद्धीचा आणि वंशसुधाराचा युक्तिवाद त्यांनी थेट अंगावर घेतला. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्या हिंदू समाजातील परकीय घटकांवरील संशोधनाचा आधार देत, वंश मिसळल्यानंतर बऱ्याच काळाने जात आली आणि तिने वंश राखलेला नाही, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर ७० हून अधिक वर्षांनी जनुकांच्या अभ्यासाने त्याच दिशेचा पुरावा दिला.

जीवशास्त्रात भीती बाळगावी असे काही असेल, तर ते उलट दिशेला आहे. लहान समूह पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने करत राहिला की दुर्मीळ दोष असलेले जनुक दोन्हीकडून एकाच बाळाकडे येण्याची शक्यता वाढते. थंगराज आणि राइक यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले, की भारतीय उपखंडातल्या अनेक समाजांवर अशा बंदिस्तपणाचा खोल ठसा आहे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एका विकराच्या अभावामुळे भुलीच्या एका औषधाने रुग्णाचे स्नायू दीर्घकाळ लुळे पडण्याचे प्रमाण मोठे आहे. भूलतज्ज्ञ आधीच ते विचारून घेतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कित्येक घरांत आनंदाने होते. अशा जोडप्याच्या मुलात कोणत्याही एका जागी एखाद्या पणजोबा किंवा पणजीकडून आलेला एकच जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता सोळात एक असते. दूरच्या सोयरिकीचा धसका घेणाऱ्या समाजाने या जवळच्या सोयरिकीबद्दल डॉक्टरांना एकदा तरी विचारावे.

यावर एक प्रश्न येईल: मग जनुके सुधारण्यासाठी सगळ्यांनी जातीबाहेर लग्ने करावीत काय? नाही. मी त्या वाटेने जाणार नाही, कारण ती वाटही माणसाला गोठ्यातल्या जनावराच्या रांगेत बसवते. लग्न ही दोन सज्ञान माणसांच्या इच्छेची गोष्ट आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती इच्छा मान्य केली आहे आणि राज्यघटनेने तिला संरक्षण दिले आहे. तो हक्क जनुकांच्या फायद्यातोट्यावर अवलंबून नाही. एखाद्या संकरात खरोखर अडचण असती, तरी कोणाला मारायचा, बहिष्कृत करायचा, मुलीचे शिक्षण तोडायचा अधिकार त्यातून कोणाला मिळाला नसता. मी विज्ञानाला इथे एवढ्याचसाठी बोलावले आहे, की विरुद्ध बाजूने ज्या विज्ञानाचे नाव घेतले ते त्यांच्या बाजूला नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. खेचराचा धडा ‘विषम संख्या म्हणून वांझ’ या एका ओळीत संपवू नका. त्याच तासाला शेवाल्स्की घोड्याची ६५ गुणसूत्रे सांगा, झो आणि झोमो या बहीणभावांतला फरक सांगा, हाल्डेन यांचा नियम सांगा. पाच मिनिटे जास्त लागतील. विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरतील. आणि ज्या वाचकांच्या घरी मुलामुलीच्या लग्नाची चर्चा चालू आहे, त्यांना सांगणे आहे: कोणी खेचराचा दाखला पुढे केला, तर त्याला एवढेच विचारा, की माणसामाणसांत ४० लाख वर्षांचा दुरावा कुठल्या जातीत आहे ते दाखव. तो दाखवू शकणार नाही. पृथ्वीवरची आठशे कोटींहून अधिक माणसे ही एकच जीवजाती आहे, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन समाजांच्या मिश्रणातून वांझ पिढी जन्मल्याचे एकही उदाहरण विज्ञानाला माहीत नाही.